धुराला वाट

गणपती नुकतेच पोचवले होते. सौभाग्यवती स्वयंपाकघरात नारळ खोवीत बसली होती. दिवाळीच्या अंकासाठी यंदा काय लिहिता, असे तिने सहज विचारले, आणि "डुकराच्या बरगड्या" असे मी म्हणताच तिच्या हातातली कवड खोवणीवरच थांबली. "सणासुदीला दुसरे काही सुचले नाही?" ती म्हणाली. सुचले होते, पण जे सुचते तेच सांगायचे असते असे थोडेच आहे? तेव्हा ज्या घरांत हा विषय चालत नाही त्यांनी हा लेख फराळ आटोपल्यावर वाचावा. यात मांस थोडे आहे आणि धूर पुष्कळ आहे, एवढे आश्वासन मी देतो.

मी मालवणकडचा. एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वडील लवकर गेले, म्हणून मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेऊन मी नोकरीला लागलो. कॉलेजची पायरी चढायची राहिली ती राहिलीच. ती पायरी माझ्याहून पाच वर्षांनी लहान असलेल्या भावाने चढली, आणि चढता चढता तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला जाऊन पोचला. घरात त्याला सगळे 'धाकटा' म्हणतात. येथेही तेच नाव चालवतो.

आमची आई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. तो काळ कसला होता हे वाचकांना सांगायला नको. तिला काही साथीचा आजार नव्हता, तिचे हृदयच थकले होते. पण नियम सगळ्यांना सारखे होते आणि स्मशानात वीस माणसांपलीकडे एकविसावा चालत नव्हता. धाकटा त्या वेळी आला असता तर पुन्हा बायकोमुलीकडे केव्हा परतता येईल याची शाश्वती नव्हती. तो आला नाही. पुढे तीन वर्षे आम्ही दर रविवारी फोनवर बोलत होतो: पाऊस किती पडला, आंब्याला मोहोर कसा आहे, पोरांच्या परीक्षा कधी. आईचे नाव निघाले की दोघांपैकी एकाला हटकून काहीतरी काम आठवे.

शेवटी तिकीट त्यानेच पाठवले. २०२४ च्या ७ मे रोजी आमच्याकडचे मतदान झाले, मास्तर म्हणून माझ्या वाट्याला आलेले निवडणुकीचे काम संपले, आणि चार दिवसांनी मी विमानात बसलो.

कॅन्सस सिटी हे गाव एका काळी गुराढोरांच्या बाजारासाठी नावाजलेले होते. १८७१ मध्ये तेथे जनावरांचा मोठा बाजार सुरू झाला आणि तो थेट १९९१ पर्यंत चालला. जेथे कत्तलखाने तेथे चांगले मांस पैसेवाल्यांच्या ताटात जायचे आणि बरगड्यांसारखे हाडाळ, चिवट तुकडे स्वस्तात गरिबाच्या हाती पडायचे. या चिवट तुकड्यांचे सोने करण्याची विद्या दक्षिणेतून आलेल्या काळ्या लोकांपाशी होती. त्यांच्या वाडवडिलांनी गुलामगिरीत मालकांच्या मेजवान्यांसाठी खड्ड्यांतल्या आगीवर रात्र रात्र मांस भाजले होते. टेनेसीकडून आलेल्या हेन्री पेरी नावाच्या काळ्या गृहस्थाने गेल्या शतकाच्या आरंभी या गावात धुरावर शिजवलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून विकायला सुरुवात केली. आज त्या गावाची ओळख त्या कागदाच्या पुडीतूनच निघाली आहे, असे म्हटले तरी चालेल. श्रीमंतांनी टाकलेली वस्तू गरिबांनी गोड केली आणि मग श्रीमंत रांगेत उभे राहिले. ही गोष्ट काही अमेरिकेपुरती नाही.

मे महिन्याचा शेवटचा सोमवार हा त्या देशात लढाईत गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस असतो. १८६५ साली त्यांचे यादवी युद्ध संपले, त्यानंतर थडग्यांवर फुले वाहण्याची जी चाल पडली तिच्यातून हा दिवस आला. सकाळी लोक कबरींवर छोटी छोटी निशाणे लावतात आणि दुपारी घरोघर परसात चुली पेटतात. मला आधी हे विचित्र वाटले. मग आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याला घास ठेवून आपण खिरीवर कसा ताव मारतो ते आठवले, आणि मी गप्प बसलो.

धाकट्याने आदल्या रात्रीच तीन बरगड्यांच्या पट्ट्या आणून ठेवल्या होत्या. एकेका पट्टीत बारा-तेरा हाडे, पेटीच्या पट्ट्यांसारखी ओळीने बसलेली. हाडांच्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो. तो सुरीच्या टोकाने एका कोपऱ्यात सोडवून, कागदाने घट्ट धरून सरळ ओढून काढायचा. तो राहिला तर मसाला आत शिरत नाही आणि दाताखाली चामडे आल्यासारखे होते. मग मीठ, मिरी, लसणीची पूड, लाल मिरचीची गोडसर पूड आणि तपकिरी साखर यांचे कोरडे मिश्रण दोन्ही अंगांना चोळायचे. मी चोळायला बसलो. आमच्या घरात समुद्रातले काही वर्ज्य नाही, पण डुकराचे मांस उंबऱ्याच्या आत कधी आलेले नव्हते. तरी माझ्या हाताला किळस आली नाही. सुरमईला मसाला लावणारा हात तोच होता.

परसात एक झाकणाची गोल लोखंडी भट्टी होती. माझी नऊ वर्षांची पुतणी तिला 'बाबाची चूल' म्हणते. तिच्या एका अंगाला कोळसे रचलेले, दुसऱ्या अंगाला पाण्याची थाळी, आणि बरगड्या पाण्याच्या बाजूला, आगीपासून दूर, एका घोडीवर उभ्या केलेल्या. कोळशावर हिकरीच्या लाकडाचे दोन ठोकळे. हिकरी हे अक्रोडाच्या कुळातले झाड. त्याचा धूर दरवळतो पण झोंबत नाही. खाली एक झरोका, वर झाकणात एक झरोका. खालून हवा आत येते, वरून धूर बाहेर जातो. आतली उष्णता २२५ अंश फॅरनहाइट, आपल्या हिशेबाने साधारण १०७ अंश सेल्सिअस, एवढीच राखायची, आणि पाच-सहा तास थांबायचे. बरगडीच्या मांसात जे चिवट तंतूंचे जाळे असते ते मोठ्या आगीवर आणखीच आवळते. मंद आगीवर मात्र हळूहळू विरघळून त्याचा मऊ चिकट रस होतो. घाई केली की ते वाताड होते.

"आता पाच तास करायचे काय?" मी विचारले.

"बसायचा," धाकटा म्हणाला. आम्ही दोघे एकत्र आलो की मालवणीतच बोलतो.

आम्ही बसलो. समोर झाकणातून धुराची एक निळसर रेघ निघत होती, इतकी बारीक की उन्हात दिसेना. त्या वासाने मला एकदम घरची चूल आठवली. चुलीवरच्या माळ्यावर आई बियाण्याची दोडकी, सुकी मासळी, आमसुले असे काय काय ठेवी. धूर लागला की कीड लागत नाही. आणि पुढे मी वाचले ते असे, की हा 'बार्बेक्यू' शब्दही अशा माळ्यावरूनच आलेला आहे. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी काठ्यांचा जो उंच माच बांधीत, त्यांच्या त्या शब्दाचा स्पॅनिश लोकांनी 'बार्बाकोआ' केला. त्या माचावर ते मांसमासळी धुरावर धरीत. म्हणजे आमची आई जन्मभर बार्बेक्यूखालीच भाकऱ्या थापीत होती!

"दादा, चोरीस आठवता?" धाकट्याने विचारले.

न आठवून कसे चालेल? आमच्या वाडीत एक ख्रिस्ती घर होते. त्यांचे गोव्याशी येणे-जाणे, नातेगोते. त्यांच्या चुलीवर डुकराच्या मांसाचे चोरीस माळांसारखे टांगलेले असत: मिरची आणि माडाचा विनेगर लावून, आतड्यात भरून, उन्हात वाळवून मग धुरावर धरलेले लालभडक मणी. एका नाताळात त्या घरच्या बाईंनी आम्हा दोघांना पावात घालून दिले. मी अकरा वर्षांचा, तो सहा. खाऊन झाल्यावर तळ्यावर तोंडे धुतली, पेरूची पाने चघळली आणि साळसूदपणे घरी आलो. आईने आम्हांला जवळ घेतले, हुंगले आणि एवढेच म्हणाली, "आंग धुवन येवा. मगे जेवूक बसा." ना मार, ना प्रश्न. त्या घराशी तिचे येणे-जाणे पुढेही तसेच राहिले.

आम्ही दोघे हसलो. मग दोघेही एकदम गप्प झालो, कारण तीन वर्षांत प्रथमच आईचे नाव निघाले होते. "बर्फ आणूचा रवला," असे म्हणून धाकटा उठला. जाताना मला बजावून गेला, "दादा, हात लावू नको हां. नुसतो बघीत रव."

मास्तराला नुसते बघत राहायला सांगणे हाच मुळी अन्याय आहे. मी पाहत बसलो. वरच्या झरोक्यातून धूर सारखा निघून जात होता. ज्या धुरासाठी हा सगळा खटाटोप, तोच फुकट चालला आहे, असे माझ्या कोकणी काटकसरीला वाटले. मी उठलो, वरचा झरोका बंद केला, खालचाही जवळजवळ मिटून टाकला आणि समाधानाने पुन्हा खुर्चीत येऊन बसलो.

आणि बसल्या बसल्या, जे कोणालाच सांगितले नव्हते ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

आईला घेऊन आम्ही स्मशानात गेलो तेव्हा शेजारचा एक मुलगा मोबाइल उंच धरून उभा होता. पलीकडे धाकटा होता. आपल्याला निदान दिसावे म्हणून त्यानेच त्या मुलाला विनवले होते. माझ्या खांद्यावर पाण्याचे मडके होते. मी त्या मुलावर ओरडलो, "बंद कर ते! तमाशा नाही हा. ज्याला यायचे होते तो आला असता." मुलाने घाबरून फोन बंद केला, पण माझे शेवटचे वाक्य पलीकडे पोचल्यावर केला. हे मला तेव्हाही कळले होते. धाकट्याने त्याबद्दल पुढे एक अक्षर काढले नाही, आणि मीही नाही. कादंबऱ्यांतून दुसऱ्यांची दुःखे चव्हाट्यावर मांडणारा मी, हे एक वाक्य तीन वर्षे दाबून बसलो होतो.

डोळे झोंबू लागले तेव्हा मी भानावर आलो. झाकणाच्या सगळ्या फटींतून पिवळट पांढरा धूर लोटत होता, ओल्या काजळीसारखा वास येत होता. मी गोंधळून उभा राहिलो तोच शेजारच्या कुंपणावरून हाक आली. एक काळे वृद्ध गृहस्थ, निवृत्त बसचालक, गुडघ्यांना शिव्या देत देत फाटकातून आत आले. त्यांनी आधी दोन्ही झरोके उघडले, मग झाकण उचलून दूर धरले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "धूर कोंडला की तो जाईल कुठे? मांसातच बसणार. कडू करून टाकतो." ते इंग्रजीत बोलले, पण असे वाक्य कोणत्याही भाषेत कळते. लाकडाला पुरेशी हवा मिळाली की ते स्वच्छ जळते आणि धूर निळा, हलका निघतो. हवा तोडली की ते नुसते धुमसते, आणि त्या धुराचा कडवट चिकटा मांसावर बसतो.

धाकटा परत आला तेव्हा मी गुन्हेगारासारखा उभा होतो. त्याने पट्ट्या न्याहाळल्या. आगीजवळची एक काळवंडली होती, बाकीच्या दोन वाचल्या होत्या. तो रागावला नाही. उलट म्हणाला, की ही भट्टी ज्याने १९५२ मध्ये बनवली त्या जॉर्ज स्टीफनचीही हीच गत झाली होती. शिकागोकडे पाण्यात तरंगणारे बोये बनवणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. बोयाचा लोखंडी गोळा मधोमध कापून त्याने भट्टी केली, पण झाकण लावले की आग विझे. तेव्हा शेजाऱ्याने त्याला सांगितले की बाबा, हवेला जागा ठेव. आणि त्याने झाकणाला भोके पाडली, असे सांगतात. मला जरा बरे वाटले. शहाण्यांनी केलेल्या चुकाच आपल्या हातून व्हाव्यात, यातही एक मान आहे.

संध्याकाळी पाहुणे आले. पट्टी चिमट्याने मधोमध उचलली की ती वाकते आणि वरच्या सालीला बारीक तडे जातात. हाडांची टोके मांस आक्रसून अर्धा बोट उघडी पडतात. तेव्हा ती झाली असे समजावे. कापल्यावर आत कडेने गुलाबी कड दिसली. मला ते कच्चे वाटले. पण ती धुराची खूण. आगीतून निघणारे वायू मांसातल्या लाल रंगाशी मिसळून तो रंग धरून ठेवतात. धाकट्याच्या बायकोने स्वतःसाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी मक्याची कणसे वेगळी भाजली होती. मी एक बरगडी उचलली. आधी गोड, मग तिखट, मग खारट, आणि सगळ्यांच्या मागून हळूच आमच्या माजघराचा वास. मांस हाडावरून गळत नव्हते. दाताने धरले की तेवढेच सुटत होते. कॅन्सस सिटीत बरगडी अशीच लागावी, असे म्हातारबुवा म्हणाले. मग त्यांनी टोमॅटो-काकवीच्या चटणीची बाटली माझ्यापासून दूर सरकवली, आणि स्वतः मात्र ती भरपूर ओतून घेतली.

करपट पट्टी कोणी खाल्ली नाही. पाहुणे गेले, पुतणी झोपली. धाकट्याने भट्टीवर झाकण ठेवून दोन्ही झरोके बंद केले. हवा तोडली की निखारे आपोआप विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला उपयोगी पडतो. झरोका बंद झाल्याचा 'टक' असा आवाज ऐकला, आणि आता बोललो नाही तर जन्मात बोलणार नाही, असे मला वाटले. मी सांगून टाकले. तो फोन, ते वाक्य, सगळे. मी तुझ्यावर रागावलो होतो. मॅट्रिकनंतर मी मागे राहिलो आणि तू पुढे गेलास हाही राग त्यात होता, आईच्या चितेपाशी मी तो काढला, हेही सांगितले.

धाकटा पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माका धूर तरी दिसलो असतो, दादा."

पुढे त्याने जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे सकाळचे दहा वाजले होते तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा झाले होते. फोन बंद पडल्यावर तो परसात गेला आणि त्याने ही भट्टी पेटवली. वर ठेवायला काही नव्हते, काही शिजवायचेही नव्हते. झाकण उघडे ठेवून तो नुसता जाळाकडे पाहत बसला. एवढ्या रात्री उजेड कसला म्हणून शेजारचे म्हातारबुवा डोकावले. त्यांनी काही विचारले नाही. आपली खुर्ची आणून कुंपणापलीकडेच, साथीच्या दिवसांतले अंतर राखून मांडली आणि निखारे पांढरे होईपर्यंत बसून राहिले. त्यांची ओळख झाली ती अशी. कोळसे कसे रचावेत हे त्यांनी शिकवले ते पुढच्या उन्हाळ्यात.

मी काय बोलणार? वीस माणसांच्या यादीत मी ज्याला धरले नव्हते, तो एकविसावा दूर बसून आपल्यापरीने आईला पोचवीत होता.

धाकट्याने ती काळवंडलेली पट्टी पुढे ओढली, तिच्यातली एक बरगडी तोडून मला दिली आणि एक स्वतः घेतली. घास कडूजहर होता. आम्ही दोघांनी तो चावून खाल्ला. तोंड वाकडे करीत तो म्हणाला, "कारीट समज, दादा."

आमच्या कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. ते कडू आधी घ्यायचे, तेव्हा कुठे गोड पोह्यांना हात लावायचा. लहानपणी मला हे आईचे खूळ वाटायचे.

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे मी परसातल्या चुलीवर अंघोळीचे पाणी तापत ठेवले होते. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. मी मोबाइल लावला आणि स्वतःच्या हाताने चुलीसमोर उंच धरला. रात्रीच्या दवाने लाकडे दमट झाली होती. आधी पांढरा धूर आला. मी वाकून एक लाकूड मागे ओढले, आत हवा गेली, भपकन जाळ झाला आणि धूर माडांच्या शेंड्यांकडे निघाला. पलीकडे धाकटा, त्याची बायको आणि मुलगी तिघेही दाटीने पडद्यात डोकावत होती. कोणी काही बोलले नाही. मग धाकट्याचा आवाज आला,

"दादा, वायच जवळ धर."

मी फोन चुलीच्या जवळ नेला.